माशा मारणाऱ्याची बखर

आमच्या गावात कुणी रिकामा बसलेला दिसला की त्याला हटकतात, "काय, माशा मारतोस व्हय?" मला हे विचारायची सोय राहिलेली नाही. विचारलंच तर मी बाकावरची डबी उघडून समोर धरतो. आत पंधरा-वीस माशा असतात. तांब्याच्या पोटाच्या, कोंबड्याच्या पिसांच्या, प्रत्येकीच्या पोटाखाली एक बारका गळ.

वडगाव रासाईत मी तीस वर्षं मोटारी भरतो. भीमेच्या काठाला ऊस, उसाला पाणी, पाण्याला मोटार, आणि मोटार म्हटली की ती जळायचीच. व्होल्टेज पडलं की जळते, एक फेज गेला की जळते. जुनी तार ओढून काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं, हा दिवसाचा धंदा. रात्री जेवण झालं की त्याच बाकावर माशी बांधायला बसतो. गळाचा बाक वाइसमध्ये पकडायचा. दांडीवर काळा दोरा वळत मागं न्यायचा. पंख्याच्या वाइंडिंगची छत्तीस गेजची तार घेऊन पोटाला पाच वेढे द्यायचे, म्हणजे किड्याच्या पोटावर असतात तशा वळ्या उमटतात. मग गावठी कोंबड्याच्या मानेवरचं पीस. छातीवरचं नको, ते पाणी पितं आणि माशी बुडते. मानेवरचं कडक असतं. त्याचं टोक चिमट्यात धरून गळाभोवती फिरवलं की तंतू चहूबाजूंनी ताठ उभे राहतात. हे माशीचे पाय. यांवर ती पाण्यावर तरंगते. शेवटी गाठ, आणि गाठीवर वार्निशचा एक थेंब. मोटारीला जे वार्निश, तेच माशीला.

हा नाद मला लावला पुण्याच्या एका पाव्हण्यानं. त्याची इथं नदीला लागून जमीन होती, मोटार दर उन्हाळ्यात माझ्याकडं यायची. जमीन विकून जाताना तो एक जुनी काठी आणि जाड, पिवळ्या दोरीची चकरी ठेवून गेला. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं, ते फेकलं की मागोमाग तंगूस जातो. इथं सगळं उलटं. आमिषाला वजनच नाही, वजन दोरीला. आसूड उडवावा तशी दोरी आधी मागं जाऊ द्यायची, ती सरळ होईपर्यंत दम धरायचा, मग पुढं सोडायची. पहिल्या महिन्यात मी मासा एकही धरला नाही. ऊस धरला, बाभळ धरली, एकदा स्वतःचा कान धरला. डॉक्टरनं गळ कापून काढला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन टोचता टोचता विचारलं, "मासा किती किलोचा होता?"

मासा घरी मात्र न्यायचा नाही, कारण घरात माळ आहे. मंडळींनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच आळंदीला माळ घातली, तेव्हापासून चुलीला वास नाही. "धरा, पण परत सोडा, आणि हात धुऊन घरात या," एवढ्यावर आमचा तह झाला. विलायतेत मासा धरून सोडून देणं ही मोठी शिकारी सभ्यता मानतात म्हणे. आमच्याकडं ती पंढरीच्या वाटेनं आली. आमची भीमाच पुढं चंद्रभागा होते, तेव्हा नदीचंही यात काही म्हणणं असणार. भोईवाड्यातल्या आबांना मात्र हे अजिबात पटत नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्य जाळ्यात गेलेलं. "सोडायचाच व्हता तर धरला कशाला? त्याच्या तोंडाला वळ, तुझ्या पोटाला काय?" मला अजून याचं उत्तर देता आलेलं नाही.

आपण पहिलेच असं करणारे, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो उतरला आमच्याच तालुक्यात. इनामगाव इथून जवळ, घोड नदीच्या काठी. तिथं १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं पांढरीचं टेकाड उकरलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी वर्षानुवर्षं तिथं तळ ठोकून होती. तीन हजारांवर वर्षांपूर्वीची घरं निघाली, चुली, कणग्या, मडक्यात पुरलेली पोरं. आणि माशांचे काटे. म्हणजे जव पेरणारा माणूस तेव्हाही संध्याकाळी नदीकडं वळत होता. शेत आणि नदी ही दोन कामं वेगळी मानायची रीत पुढची असावी. माझ्या परड्यातून नदी दिसते, म्हणून मला तरी ती एकच वाटतात.

पण ते पोटासाठी. मौजेसाठी गळ टाकणाऱ्याचा लेखी पुरावा कल्याणीच्या चालुक्यांकडं सापडतो. तिसऱ्या सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीचे अभ्यासक त्याला मानतात कारण त्यात जुन्या मराठी गाण्याचे तुकडे आहेत. खवय्ये मानतात मांड्यांसाठी. त्यात 'मत्स्यविनोद' असं एक प्रकरण आहे, ते मला सगळ्यांत जवळचं. राजानं गळानं मासे कसे धरावेत याचा त्यात सांगोपांग विचार आहे: माशांच्या तिसाच्या वर जाती, कोणती नदीत, कोणती समुद्रात, कुणाला काय चारून वश करायचं, दोरी कसली, काठी कसली. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये त्यावर इंग्रजीत लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. मूळ संस्कृत ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापला गेला, संपादक गजानन श्रीगोंदेकर. आडनाव वाचून मला उगाचच घोडपलीकडचा तालुका आठवला. राजाची एक गोष्ट मला विशेष आवडली: मासे आधी खाऊ घालून माणसाळवायचे, मग गळ टाकायचा. आबा आजही आदल्या संध्याकाळी डोहात पेंडीचे गोळे टाकून येतात. त्यांनी मानसोल्लास वाचलेला नाही, आणि सोमेश्वरानं ते कुणाकडून ऐकलं असेल याबद्दल मला शंका नाही.

पुढचा माणूस गोरा. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरला रात्री कॅप्टन स्टॉन्टन आपली पलटण घेऊन तिथूनच कोरेगावकडं निघाला, ते सगळ्यांना माहीत आहे. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसचं थडगं तिथं आहे. आसपासच्या गावांनी त्याला सतपुरुष ठरवून टाकलं. पिकाच्या दिवसांत नैवेद्य न्यायचे. आपल्या लोकांचं हे मला फार आवडतं, धान्य घरात आलं की चार दाणे कुणाला तरी द्यायचेच, मग तो कर्नल का असेना.

तर या मुलखात १८२४ पासून विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी फिरत होता. मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी जमवायला नेमलं होतं. गावं, पिकं, पाऊस, वजनंमापं यांच्या जोडीनं त्यानं पाखरं आणि मासेही टिपले. पुढं सरकारनं खातं गुंडाळलं तरी हा गडी थांबला नाही, १८३१ पर्यंत काम चालूच ठेवलं. १८३९ मध्ये लंडनला त्यानं दख्खनच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. त्यातले बहुतेक मासे शास्त्राला नवे होते. मुळा-मुठेतला, पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवरचा एक मासा त्यानं नोंदला: खुद्री. हाच दख्खनी महाशीर, आजही शास्त्रात टॉर खुद्री. मुळा-मुठा आमच्या गावाच्या वरच्या अंगाला भीमेत येते, म्हणजे तो आमच्याच पाण्याचा. दुसरा, मुसुल्ला, थेट शिरूरच्या घोड नदीतला.

नावं बघा. हा मनुष्य लॅटिन नाव ठेवायला बसला की सरळ काठावरच्या भोयाला विचारायचा आणि तो म्हणेल ते लिहून घ्यायचा. यादीत कोलस आहे, फुलंगी आहे, सींघाला आहे, पांगूट आहे, टाकरी आहे. साहेबाच्या कानानं ऐकलेली, पण आपली. जगात कुठंही, जपानात किंवा ब्राझीलमध्ये, कुणी या माशांवर लिहिणार असेल तर त्याला भीमाकाठचा शब्द लिहावा लागतो. साहेबाचं नाव मात्र माशांपेक्षा पाखरांना चिकटलं. भोयाचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.

एका पावसाळ्यात ही यादी मी आबांना वाचून दाखवली. ते दुकानाच्या पायरीवर बसून जाळ्याची भोकं विणत होते.

"सींघाला."

"शिंगाळा. मिशाळ. पुढं."

"कोलस."

"कोळशी रं. वरची काळी पाठ."

"फुलंगी."

"आहे की. बारका. आता कमी झाला."

"इचकिया," म्हटल्यावर ते खो खो हसले, पण काय ते सांगेनात. मग मी म्हणालो, "खुद्री." सुई थांबली. जरा वेळानं म्हणाले, "म्हातारा बोलायचा. म्या न्हाई बघितला."

खुद्री नाहीसा झालेला नाही. लोणावळ्याला वळवणच्या तळ्याशी टाटांच्या वीज कंपनीनं १९७० नंतर महाशीरची पैदास सुरू केली. राज्याचे निवृत्त मत्स्यसंचालक सी. व्ही. कुलकर्णी यांनी माशाची अंडी हातानं काढून, फळवून पिल्लं वाढवली आणि ती इतर राज्यांतल्या नद्यांनाही गेली. देहूच्या डोहातही महाशीर आहेत, वारकऱ्यांच्या धाकानं राखलेले. लोणावळा काय, देहू काय, दोन्ही इंद्रायणीचीच, आणि ती इंद्रायणी तुळापूरला भीमेतच येते. पाणी येतं. खुद्री येत नाही.

का येत नाही, हे इथं नाक असलेल्या कुणालाही कळतं. मुळा-मुठा पुण्याचं सगळं घेऊन येते. दर काही मैलांवर कोल्हापुरी बंधारा. पावसाळा सरला की ढापे पडतात आणि नदीचं तळं होतं. तळ्यावर जलपर्णी. तळची वाळू ट्रकांनी गेली. महाशीराला वाहतं पाणी आणि गोटे लागतात; त्यानं कुठं राहावं? शिवाय खालच्या अंगाला उजनी. १९८० मध्ये धरण झालं आणि भिगवणच्या बाजूनं चिलापीचं राज्य पसरलं. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. कटला, रोहू गंगेकडचे. सायप्रिनस तर परदेशी पाव्हणा. चिलापीला घाण चालते, उन्हाळा चालतो, आणि तिच्या बाजूनं सांगायचं तर माझी माशी चालते. मी तिला नावं ठेवत नाही. मार्चमधल्या संध्याकाळी, जलपर्णीच्या कडेला जिथं हातभर पाणी मोकळं असतं, तिथं माशी अलगद टेकवायची. आधी नुसता एक फुगवटा येतो, जणू पाण्यानं श्वास घेतला. मग टपक. हात घाईनं उचलला की गेलीच. "विठ्ठल" म्हणण्याइतका वेळ थांबायचं.

पिसांचा एक उलटा प्रवास मला या नादातच कळला. आपल्या सह्याद्रीत राखी रानकोंबडा असतो. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे ठिपके असावेत तशी चकचकीत टिकली असते. इंग्रजांना त्याचं वेड लागलं. स्कॉटलंडच्या नद्यांत सामन मासा धरायची 'जॉक स्कॉट' नावाची नामांकित माशी १८५० च्या सुमाराची. तिच्या दोन्ही बाजूंना आपल्या रानकोंबड्याचं पीस. शंभर वर्षं पिसं बोटीतून जात होती, आणि पिसांमागं कोंबडे मरत होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानकोंबड्याला संरक्षण दिलं, ते बरं झालं. माझं काम शेजारच्या गावठी कोंबड्यावर भागतं. शेजारीण मात्र हल्ली त्याची मान तपासून मगच त्याला खुराड्यात घेते.

परडं माझं दीड गुंठ्याचं. वांगी, घेवडा, दोडक्याचा मांडव, कडेला झेंडू, कोपऱ्यात शेवगा. नदी ज्या जलपर्णीनं घुसमटते तीच उपसून, वाळवून वाफ्यावर अंथरतो; उन्हाळ्यात ओल धरून ठेवते. मात्र मुळं काढून टाकायची, नाहीतर पुण्याचं सगळं वांग्यात येईल अशी मंडळींना भीती, आणि ती अगदीच खोटी नाही. झेंडूवर कोणता किडा कधी बसतो हे बघूनच माशीचा रंग ठरतो. घेवड्यावर मावा पडला की बारकी हिरवी, दिवाळीनंतर नाकतोड्यासारखी तपकिरी. संध्याकाळी सातच्या आत घरी, हा गावाचा नियम. उसात बिबट्या आहे. मागच्या वर्षी माझ्या दोरीला मागं ओढ बसली तेव्हा क्षणभर माझं काळीज थांबलं होतं. ऊसच होता.

परवा आबा दुकानात आले. डबी उघडी होती. त्यांनी एक तपकिरी माशी उचलली, तळहातावर फिरवली, गळाच्या टोकावर नख घासून बघितलं. "गळ चांगलाय," म्हणाले, आणि माशी टोपीला खोचून चालते झाले. मला आत कुठंतरी बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, माणूस वळला.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याखाली गाठ पडली. दगडावर वाम पडली होती, हातभर लांब, अजून वळवळणारी. तंगुसाच्या टोकाला माझीच माशी. तांब्याचं पोट चिखलानं माखलेलं, पिसं चिकटून गेलेली, आणि माशीच्या वर, गळ झाकून टाकेल असा, ओवलेला एक जाडजूड काडू, म्हणजे गांडूळ.

"तुझी माशी लई गुणाची," आबा म्हणाले. "काडू घसरत न्हाई."