रुमालापासून मेलबॉक्सपर्यंत : पत्रे जपण्याची गोष्ट

नांदेडजवळ गोदावरीकाठी विष्णुपुरी हे गाव आहे. तेथे १९८१ साली श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. महाविद्यालयाचा जन्म कागदी टपालाच्या काळातला. विद्यापीठाच्या स्थापनेनंतर मात्र अकरा महिन्यांत, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेत हॉटमेल सुरू झाले. म्हणजे हे विद्यापीठ आणि फुकट वेबमेल जवळपास एकाच वयाचे आहेत.

२०४४ साली विद्यापीठाला पन्नास वर्षे पूर्ण होतील. तेव्हा कोणी त्याचा इतिहास लिहायला घेतला, तर त्याला पत्रे लागतील. एखादा विषय का सुरू झाला, शिक्षकांनी परस्परांना काय कळवले, परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने सरांना काय लिहिले, हे पत्रांतूनच कळते. यातील मोठा भाग ई-मेलमध्ये असणार. तो कोठे सापडेल? हा प्रश्न आपल्या प्रत्येक शाळेचाही आहे. उत्तर शोधण्यापूर्वी आपली जुनी पत्रे कशी टिकली, ते पाहू.

दफ्तर गेले, पत्रे उरली

१६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला आणि तेथील दफ्तर नष्ट झाले, असे इतिहासकार मानतात. तरीही शिवकालीन पत्रे आज आपल्याला वाचता येतात. कारण सनद किंवा पत्र ज्याच्या नावे निघे, त्याच्या घरी ते जाई. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांनी वतनाचा पुरावा म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. पाठवणाऱ्याच्या दफ्तरातही बाहेर जाणाऱ्या पत्रांची नोंद ठेवण्याची पद्धत होती. तिला बारनिशी म्हणत. एकाच मजकुराचा माग असा दोन ठिकाणी राही. एक जागा गेली तरी दुसरी उरे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही घरोघरची पत्रे शोधून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पुढे तिचे बावीस खंड झाले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग गो. स. सरदेसाई यांनी संपादित केले.

पोस्टातच ठेवलेली पत्रे

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला आणि पत्त्यात ‘ॲट’ हे चिन्ह वापरले. त्या काळी आलेली पत्रे संगणकावरच्या एका फाइलमध्ये एकाखाली एक साठत. घरोघरी संगणक आल्यावर १९८४ साली पॉप ही पद्धत निघाली. हा जणू पोस्टमनच : मुख्य संगणकावरची पत्रे आपल्या संगणकात आणून टाकायची आणि बहुधा तेथील पुसायची. १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप ही दुसरी पद्धत आखली. तिच्यात पत्रे मुख्य संगणकावरच राहतात आणि आपण ती दुरून वाचतो.

वेबमेल याच्याही पुढे गेले. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांच्या हॉटमेलमुळे स्वतःचा संगणक नसलेल्या माणसालाही सायबर कॅफेत बसून पत्रव्यवहार करता येऊ लागला. सोय मोठी होती. पण पत्र घरी येणेच थांबले. पोस्टात जायचे, पत्र वाचायचे आणि तेथेच ठेवून यायचे, असा हा प्रकार. सुरुवातीला तेथे जागाही २ मेगाबाइट एवढीच असे, त्यामुळे जुनी पत्रे पुसावी लागत. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ गिगाबाइट जागा दिली, आणि आता काहीच पुसायला नको, असे लोकांना वाटू लागले.

पुढे काय झाले? इंडियाटाइम्सची ई-मेल सेवा २०१३ साली बंद झाली. दोन वर्षे न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून पुसण्यात येतील, असे गूगलने जाहीर केले. दिवंगत शिक्षकाचे खाते कोण उघडणार?

२०११ सालच्या फेब्रुवारीअखेरची घटना तर वर्गात सांगावी अशी आहे. एका सॉफ्टवेअर-दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे दिसेनाशी झाली. गूगलकडे अनेक प्रती होत्या, पण दोष सर्व प्रतींपर्यंत पोहोचला. शेवटी पत्रे परत मिळाली ती चुंबकीय फितींवरून, कारण त्या जाळ्यापासून अलग ठेवलेल्या होत्या. प्रती किती आहेत, एवढेच मोजून भागत नाही. त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत का, हेही पाहावे लागते.

रुमाल बांधताना

वेबमेलमधील पत्रे घरी आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक, थंडरबर्डसारख्या कार्यक्रमाने पॉप किंवा आयमॅपमार्गे पत्रे संगणकात उतरवणे. दुसरा, सेवेनेच दिलेली सोय वापरणे. गूगलच्या टेकआउट या सोयीत २०१३ च्या अखेरीपासून जीमेलची सर्व पत्रे ‘एमबॉक्स’ प्रकारच्या फाइलमध्ये मिळतात. एमबॉक्स म्हणजे साध्या मजकुराची फाइल. पत्रे एकाखाली एक असतात, आणि प्रत्येकाची सुरुवात ‘फ्रॉम’ या शब्दाच्या ओळीने होते. हा संगणकातील रुमालच.

साधेपणाचा फायदा मोठा आहे. १९८८ साली स्टीव्ह डॉर्नर यांनी लिहिलेला युडोरा हा कार्यक्रम एके काळी फार लोकप्रिय होता. आता तो मागे पडला. पण त्याची पत्रे साध्या मजकुरात असल्याने आजही उघडता येतात.

पत्र छापून ठेवले किंवा दुसऱ्या खात्याकडे पाठवले, तर मूळ शीर्षभाग हरवतो. त्यात तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि वाटेतल्या संगणकांची नोंद असते. मराठी जुन्या पत्रांत पुष्कळदा महिना व चंद्र दिलेला असे, पण साल नसे. ते ठरवताना संशोधकांना किती खटपट करावी लागे, हे आठवले की या शिक्क्याचे मोल कळते.

शीर्षभागाखाली कधीकधी निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. तो बहुधा बेस-६४ संकेत असतो. जुनी टपाल-यंत्रणा फक्त इंग्रजी अक्षरे नेऊ शकत असे. म्हणून ३ बाइट, म्हणजे २४ बिट, घ्यायचे, त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला ६४ पैकी एक अक्षर द्यायचे. आकार एकतृतीयांशाने वाढतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. २,००० चिन्हांचे पत्र ६,००० बाइटांचे, आणि बेस-६४ मध्ये ८,००० बाइटांचे होते. अशी दहा हजार पत्रे सुमारे ८० मेगाबाइटांत मावतात. लहानसा पेनड्राइव्हही त्यांना पुरून उरेल.

जुन्या मराठी ई-मेलची आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले फाँट चालत. तो फाँट नसेल तर पत्र समोर असूनही वाचता येत नाही. मोडीचे असेच झाले : कागद उरले, वाचणारे थोडे राहिले. म्हणून पत्राबरोबर फाँटही जपावा, शक्य तर मजकूर युनिकोडमध्ये करून मूळ प्रतीशेजारी ठेवावा.

शाळेत काय करता येईल?

दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या खात्यातील पत्रे उतरवून ‘२०२४-२५’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावीत. एक प्रत शाळेच्या संगणकात, दुसरी कपाटातील डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या इमारतीत असावी. वर्षातून एकदा त्यातील दोन-चार पत्रे उघडून पाहावीत, आणि काय, कधी उतरवले याची नोंद वहीत करावी. हीच आपली बारनिशी. खाजगी पत्रे मात्र लिहिणाऱ्याच्या संमतीशिवाय ठेवू नयेत. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम सहज जमेल, असे आम्हाला वाटते. सुरुवात शाळेच्या सर्वांत जुन्या खात्यापासून करावी. त्याचा पासवर्ड अजून कोणाच्या तरी लक्षात असेल.