हात शिकला, हिशेब राहिला : पिंपरी-चिंचवड-चाकण भागातील उद्यमशिक्षण

आपल्या ज्ञातीचा परंपरागत धंदा भाता-ऐरणीचा. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी, तळेगाव, चाकण या गावांत ज्यांची मूळ घरे आहेत, त्या कुटुंबांतील पूर्वज नांगराच्या फाळास पाणी देणे, गाडीच्या चाकास लोखंडी धाव चढविणे, विळ्या-खुरप्यांस धार लावणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. या कामांबद्दल त्यांस नगाप्रमाणे मजुरी मिळत नसे. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन बलुते आणावयाचे, अशी गावगाड्याची रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या रीतीचे सविस्तर वर्णन आहे. ज्ञातीतील तरुणांनी तो ग्रंथ एकदा तरी वाचावा.

या रीतीचा एक परिणाम असा झाला की, एका फाळाची किंमत काय, हा प्रश्न आपल्या पूर्वजांस कधी पडलाच नाही. लोखंड शेतकऱ्याचे, कोळसा पुष्कळदा त्याचाच, कसब आपले आणि मोबदला पीकपाण्यावर अवलंबून. त्याच गावातील वाणी मात्र रोज रात्री दिव्यापाशी बसून कीर्द लिही, खतावणी मांडी आणि आपल्या मुलास शेजारी बसवून ते लिहावयास शिकवी. कसब बापाकडून मुलाकडे आले ते आपल्या घरी. हिशेब बापाकडून मुलाकडे गेला तो त्याच्या घरी. पुढील शंभर वर्षांत या भागात शिक्षणाच्या ज्या सोयी झाल्या, त्यांनी आपले कसब वाढविले, परंतु हिशेबाची उणीव बहुतांशी तशीच राहिली. लघुउद्योगाच्या व्यवस्थापनाचे पदवीपर्यंतचे शिक्षण हा जो विषय सांप्रत चर्चेत आहे, त्याचा विचार या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे.

इंग्रजी अमदानीत १८५४ साली पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला व त्याचे पुढे मोठे कॉलेज झाले. १८६९ साली खडकीस दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. खेड्यातील लोहार-सुतारांस पगारी नोकरीचा मार्ग अशा कारखान्यांनी दाखविला. परंतु सामान्य माणसाच्या पैशातून उभी राहिलेली या भागातील पहिली मोठी उद्यमशाळा म्हणून तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखान्याचेच नाव घ्यावे लागेल. अंताजी दामोदर काळे यांनी अशी कल्पना मांडली की, प्रत्येक माणसाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योगधंद्यांचे शिक्षण द्यावे. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेस पाठबळ दिले. १९०८ साली तळेगावास काचेची भट्टी पेटली. तिची व्यवस्था ईश्वरदास वार्ष्णेय या उत्तर हिंदुस्थानी गृहस्थांकडे होती. त्यांनी जपानात व पुढे अमेरिकेत जाऊन काचविद्या संपादन केली होती. हा कारखाना म्हणजे एक शाळाच होती. विद्यार्थी भट्टीपुढे उभा राहून शिके, हात भाजून घेई आणि तयार झाला की बाहेर पडे. तेथे तयार झालेली माणसे पुढे देशातील ठिकठिकाणच्या काच-कारखान्यांत गेली. ज्या तळेगाव-चाकण रस्त्याने आज मालमोटारींची रांग लागते, त्या रस्त्याच्या टोकाशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकेका पैशाच्या वर्गणीवर असे विद्यालय चालले होते, हे आपल्या मुलांस ठाऊक असत नाही.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. या दोन्ही कारखान्यांचा माल विकण्याचे काम एका गृहस्थांनी काही काळ केले, त्यांचे नाव भाऊराव पाटील. नांगर आणि कंदील गावोगाव विकीत हिंडलेल्या याच माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. ‘कमवा व शिका’ हा मंत्र देणारा शिक्षणमहर्षी काही काळ विक्रेता होता, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास फार अर्थपूर्ण वाटते. गिऱ्हाईक काय मागते, उधारी कशी थकते, हे त्यांनी पायपीट करून पाहिले होते.

व्यापारी शिक्षणाचा प्रवाह याहून वेगळा वाहिला. १९१३ साली मुंबईस सिडनहॅम कॉलेज आणि १९४३ साली पुण्यास बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघाले. तेथून उत्तम हिशेबनीस, बँकांचे अधिकारी व प्राध्यापक बाहेर पडले. त्यांतील फारच थोड्यांनी कधी कानस हाती धरली असेल. इकडे १९३४ साली पुण्यास मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था निघाली. तिचे संस्थापक आ. रा. भट यांनी लहान कारखानदाराचा कैवार अखेरपर्यंत घेतला. १९३५ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचा हेतूही लहान धंद्यांस भांडवल पुरविणे हाच होता. भांडवलाची दारे अशी उघडत होती. परंतु त्या दारातून आत जाण्यास लागणारा ताळेबंद लिहावयास आपल्या मंडळींस कोणी शिकविले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या भागाचे रूप झपाट्याने पालटले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर भूखंड पडले. त्याच दशकात आकुर्डीस बजाजचा आणि पिंपरीस टेल्कोचा कारखाना उभा राहिला. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. चाकण त्या मानाने उशिरा जागे झाले. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या फौजेशी छप्पन दिवस झुंजविलेला किल्ला आणि कांद्याचा बाजार, एवढीच त्या गावाची ओळख होती. १९९९ साली तेथे बजाजचा कारखाना आला, २००९ साली जर्मन मोटारींचे कारखाने आले आणि बाजरीच्या शेतांवर शेडची पत्रे चढली.

या कारखान्यांनी शिक्षण दिले नाही असे कोण म्हणेल? १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने कारखानदारांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. टेल्कोच्या उमेदवार-प्रशिक्षणाचा तर सर्व महाराष्ट्रात लौकिक झाला. आय.टी.आय. होऊन कारखान्यात उमेदवारी केलेला फिटर, टर्नर म्हणजे वधूपित्याच्या दृष्टीने सरकारी नोकराच्या बरोबरीचा जावई! यांतील पुष्कळांनी काही वर्षांनी नोकरी सोडून, किंवा नोकरी सांभाळून भावाच्या नावे, भोसरीत एखादी लेथ टाकली. कंपनीकडून जॉब आणावा, यंत्रावर चढवावा, मापात उतरवावा, टेम्पोत घालून पोचवावा. आपल्या ज्ञातीतील आजचे बहुतेक कारखानदार या वाटेने वर आले आहेत.

परंतु आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमाकडे बारकाईने पाहावे. त्यात ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ नावाचा विषय आहे. लोखंडी गजाचे वजन कसे काढावे, चाकाच्या दात्यांचे प्रमाण कसे बसवावे, हे तो उत्तम शिकवितो. त्या गजापासून केलेल्या नगास भाव काय लावावा, हे तो शिकवीत नाही. शाळेच्या गणितातही तोच प्रकार. प्रस्तुत लेखकाचा जन्म नफा-तोट्याची उदाहरणे शिकविण्यात गेला. त्या उदाहरणांतील व्यापारी आंबे रोखीने घेतो आणि सायंकाळपर्यंत रोखीने विकून मोकळा होतो. भोसरीच्या कारखानदारास असा भाग्यवान व्यापारी आजतागायत भेटलेला नाही.

एक हिशेब मांडून दाखवितो. समजा, एका वर्कशॉपचे महिन्याचे बिल तीन लाख रुपये आहे आणि कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते. याचा अर्थ असा की, कोणत्याही दिवशी त्या कारखानदाराचे नऊ लाख रुपये बाहेर अडकलेले आहेत. बँकेचे व्याज शेकडा बारा धरले, तर वर्षाला एक लाख आठ हजार, म्हणजे महिन्याला नऊ हजार रुपये व्याज झाले. हे बिलाच्या शेकडा तीन होय. जो मनाशी म्हणतो की आपणांस शेकडा पाच सुटतात, त्याच्या पदरात प्रत्यक्षात दोन पडतात. आणि यंत्राची झीज त्याने धरलीच नसेल, तर तेही नाहीत. यंत्र झिजून नवे घेण्याची वेळ येते, तेव्हा घर गहाण पडते. कसब उत्तम, माल निर्दोष, व्यसन नाही, तरी शेड विकावी लागली, अशी कुटुंबे आपल्यात आहेत. लोक त्यास दैव म्हणतात. प्रस्तुत लेखक त्यास न शिकविलेले गणित म्हणतो.

कायद्याने याबाबतीत काही केले नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यान्वये पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. परंतु ज्याच्याकडून उद्याचा जॉब यावयाचा, त्याच्यावर आज फिर्याद कोण करणार? २०१७ सालच्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आला आणि दप्तर चोख ठेवणे सर्वांनाच भाग पडले. तेव्हापासून अनेक घरांत असे दिसते की, यंत्र पुरुष पाहतो आणि संगणकावरील दप्तर सून किंवा मुलगी पाहते. व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा पहिला हक्क वास्तविक या भगिनींचा आहे. वाण्याच्या घरी दिव्यापाशी जे काम चाले, ते आपल्या घरी आता त्या करीत आहेत.

आता पदवीविषयी. अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील जोलिएट या गावी १९०१ साली दोन वर्षांचे एक लहान कॉलेज निघाले. गावातल्या मुलांनी गावातच राहून, कामधंदा सांभाळून शिकावे, अशा कॉलेजांची ती सुरुवात मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांस ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले, आणि लहान धंदा कसा चालवावा हा त्यांतील एक नेहमीचा अभ्यासक्रम होऊन बसला. हिंदुस्थानात ही कल्पना १९९५ साली पाँडेचरी विद्यापीठाने प्रथम राबविली. विद्यापीठ अनुदान मंडळाने २०१३ साली समुदाय महाविद्यालयांची योजना काढली आणि २०१४ साली बी.व्होक. ही पदवी आणली. पूर्वीच्या पदव्यांहून तिची घडण निराळी आहे. मूळ योजनेत तीन वर्षांचे एकशे ऐंशी श्रेयांक होते. त्यांतील एकशे आठ प्रत्यक्ष कौशल्याचे आणि बहात्तर सामान्य शिक्षणाचे. एक वर्ष करून थांबला तर पदविका, दोन वर्षे केली तर प्रगत पदविका, तीन केली तर पदवी. घरची अडचण आली म्हणून शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलाच्या हाती पूर्वी काहीच उरत नसे. येथे त्याच्या वर्षाची किंमत राहते.

आपल्या भागापुरते बोलावयाचे तर किवळे येथे २०१७ साली सिंबायोसिस संस्थेने कौशल्य विद्यापीठ काढले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्या माणसास घरबसल्या वाणिज्याची पदवी देत आले आहे. सोय अगदीच नाही असे म्हणता येत नाही. उणीव आहे ती दोन्ही गोष्टी एका ठिकाणी शिकविण्याची : जो मायक्रोमीटर वाचतो त्यालाच ताळेबंद वाचता यावा, आणि तो ताळेबंद पाठ्यपुस्तकातील कल्पित पेढीचा नसून भोसरीतल्या खऱ्याखुऱ्या शेडचा असावा. बँकेस द्यावयाचा प्रस्ताव, कंपनीस द्यावयाचे दरपत्रक, खेळते भांडवल, यंत्राची झीज, कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, असे दहा-बारा विषय पुरेत. शिक्षकही निम्मे बाहेरून आणावे लागतील. शेड चालवून पाहिलेला माणूस बी.ए. झालेला नसला, तरी त्यास वर्गात उभे राहू द्यावे.

आपल्या ज्ञातीत या पदवीस एक अडथळा आहे आणि तो सरकारने निर्माण केलेला नाही. आपल्या वधू-वर सूचीत ‘बी.ई.’ असे लिहिले की पुढची चौकशी थांबते, ‘बी.व्होक.’ लिहिले की ती सुरू होते. ही पदवी इतर पदव्यांच्या तोडीची आहे, नोकरीच्या परीक्षांस ती चालते, हे विद्यापीठ अनुदान मंडळाने स्पष्ट केलेले असूनही मुलीचे वडील विचारतात, “म्हणजे नेमके काय?” कारखाना असलेल्या बापाचा मुलगाही मग नाइलाजाने इंजिनिअरिंगला जातो, चार वर्षांनी बाहेरगावी नोकरी धरतो आणि बापाची शेड भाड्याने जाते. सूची छापण्याचे काम आपल्याच मंडळाकडे आहे. त्या रकान्याच्या शेजारी ‘धंद्याचे शिक्षण’ असा एक रकाना घालण्यास फार खर्च येणार नाही.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती अगदी स्थानिक आहे. कॉलेजे रविवारी बंद असतात. या पट्ट्यातील कारखान्यांस साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. वीजटंचाईच्या काळात ठरलेला हा दिवस येथील कामगाराच्या अंगवळणी पडला आहे. लग्ने, बारशी, बाजारहाट सारे गुरुवार पाहून चालते. कॉलेजच्या वेळापत्रकात मात्र हा गुरुवार कोठे दिसत नाही. शेडवर काम करणारा मुलगा सोमवारी सकाळी अकरा वाजता वर्गात बसू शकत नाही, मग फी माफ असो वा नसो. आपल्या मंडळाची वास्तू गुरुवारी दिवसभर रिकामी असते. एखाद्या मान्यताप्राप्त महाविद्यालयाशी बोलून तेथे गुरुवारी सकाळी दहा ते सायंकाळी पाचपर्यंत वर्ग भरविता येतील किंवा कसे, याची चौकशी कार्यकारिणीने येत्या जूनपूर्वी करावी, असे प्रस्तुत लेखक सुचवितो. फळा आणि खडू यांची व्यवस्था तो स्वतः करील.