ब्रेकच्या चकतीची किंमत

दहा-पंधरा वर्षे वापरलेली छोटी मोटार गॅरेजमध्ये नेली, की एक वाक्य हमखास ऐकू येते : "पॅड तर गेलेच, पण डिस्कही बदलाव्या लागतील." पॅड झिजणार हे मालकाला ठाऊक असते. पण जाड लोखंडी चकती कशी झिजली? आणि एकाच चाकाची खराब झाली असताना दोन्ही का बदलायच्या? या साध्या प्रश्नांच्या मागे गेलो, तर शंभर वर्षांहून जुना इतिहास हाती लागतो.

आधी थोडे गणित करू. माणसांसह ९०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १,२५,००० जूल असते. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातला सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या दोन चकत्यांवर पडतो असे धरू. प्रत्येकी ४ किलोच्या चकतीचे तापमान एका थांबण्यात साधारण २४ अंशांनी वाढते. वेग दुप्पट केला तर वाढ चौपट होते. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. बोरघाटाचा सुमारे ५०० मीटरचा उतारही घेता येईल. त्यात मुक्त होणारी ऊर्जा वरच्यासारख्या ३५ थांबण्यांएवढी भरते. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा असे का सांगतात, हे फळ्यावरच दिसते.

चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून चाक थांबवण्याची कल्पना इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याची. त्याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. कल्पना उत्तम होती, पण चिमट्याला तांब्याचे अस्तर होते. धातूवर धातू घासल्यावर जो कर्कश आवाज होई, तो रस्त्यावरच्या लोकांना असह्य झाला असणार! शिवाय त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबे भराभर झिजे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक वापरात आणला. त्याचे भाग पिंपात झाकलेले असत, आणि फिरणारा ड्रम बुटाला स्वतःच आत ओढून घेई, म्हणून पायाला जोर कमी लागे. पुढची पन्नास वर्षे ड्रमचीच होती.

अस्तराचा प्रश्न सोडवला हर्बर्ट फ्रूडने. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावर गाडीवान चाकाच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे कातडे लावतात, हे पाहून त्याला घर्षणाच्या अस्तराची कल्पना सुचली, असे सांगतात. १८९७ मध्ये त्याने या कामाला सुरुवात केली. त्याच्या 'फेरोडो' या नावात स्वतःच्या आडनावाची अक्षरे आणि पत्नी एलिझाबेथचा 'ई' आहे. काही वर्षांतच त्याने ॲस्बेस्टॉस वापरले. न जळणारे, चिवट, स्वस्त असे हे तंतुमय खनिज ब्रेकसाठीच घडवले आहे की काय असे वाटावे.

त्याची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली केर्शॉ ही कामगार १९२४ साली वयाच्या ३३व्या वर्षी फुप्फुसे निकामी होऊन वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांत खनिजाचे कण पाहिले आणि ते वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. ब्रिटनमध्ये धुळीविषयीचे पहिले नियम १९३१ मध्ये आले, पण ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातील कामगारांचे आरोग्य हा मूलभूत हक्क मानला. त्यांच्या तपासणीच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपण्याचा आदेशही दिला. हा रोग किती उशिरा उमटतो, हे त्या आकड्यांवरूनच कळावे. ब्रेक उघडून फुंकणीने धूळ उडवणारे मिस्त्री कोणाच्या मोजदादीत होते?

आता चकतीकडे परत येऊ. ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि बुटापासून दूर सरकतो. नेमकी गरज असते तेव्हाच पाय खोल जातो. चकती तापून जाड होते, ती पॅडकडेच सरकते. शिवाय ती उघडी असल्याने वाऱ्याने लवकर निवते. हा फरक जगाने पाहिला १९५३ च्या ल माँ शर्यतीत. तेथील सुमारे ६ किलोमीटरच्या सरळ रस्त्याच्या शेवटी काटकोनी वळण आहे. ताशी सव्वादोनशे किलोमीटरवरून गाडी तेथे आवरायची, म्हणजे आपल्या वरच्या उदाहरणाच्या पंधरापट ऊर्जा जिरवायची, आणि तीही चोवीस तास प्रत्येक फेरीत. डनलॉपच्या डिस्क ब्रेकची जॅग्वार ३०४ फेऱ्या करून जिंकली. या शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर सरासरी प्रथमच गेली. १९५५ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन डीएस या गाडीने डिस्क सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणली.

छोट्या गाडीत हा प्रयोग त्याआधीच झाला होता, आणि फसलाही होता. अमेरिकेतील क्रॉस्ली या स्वस्त गाडीला १९४९ मध्ये चारही चाकांना डिस्क दिल्या. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्या गंजून अडकू लागल्या, आणि मालकांनी पदरचे पैसे घालून ड्रम बसवून घेतले. जुन्या छोट्या गाडीच्या डिस्कपायी खिसा हलका होण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

आपल्याकडे नव्वदच्या दशकातील मारुती ८०० मुळे पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी घरोघरी पोचली. चकती असते करड्या बिडाची. त्यातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता चटकन पसरते आणि कंपने विरतात. लँचेस्टरला छळणाऱ्या आवाजावर हा चांगला उतारा आहे. ब्रेक दाबताना पाय थरथरला की "डिस्क वाकली" म्हणतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते, तिच्या जाडीत मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा फरक पडलेला असतो. चकती लेथवर सपाट करता येते, पण तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेल्यास लोखंड कमी, म्हणून तेवढ्याच उष्णतेने तापमान अधिक. गाडी हलकी व्हावी म्हणून चकत्या मुळातच बारीक केल्या गेल्या, त्यामुळे कातायला फारसे उरतच नाही. आणि जेथे कारागिराचा तास बिडाच्या काही किलोंपेक्षा महाग, तेथे नवी चकती स्वस्त पडते. आपल्याकडे मजुरी कमी, म्हणून लेथ अजून टिकून आहे. एकाच बाजूची बदलली तर दोन्ही चाकांची पकड सारखी राहीलच असे नाही, आणि गाडी एका अंगाला ओढू शकते. म्हणून जोडी बदलतात. येथे मिस्त्रीवर संशय घेण्याचे कारण नाही.

झिजलेले लोखंड जाते कोठे? हवेत आणि रस्त्यावर. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत ब्रेकच्या सूक्ष्म कणांवर प्रथमच मर्यादा घातली : बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, केवळ विजेवर चालणाऱ्यांना ३. त्यासाठी कठीण थराच्या चकत्या तयार होत आहेत. त्या कमी झिजतात, पण साध्या बिडाच्या चकतीपेक्षा महाग आहेत, आणि लेथवर कातल्या तर तो थरच निघून जातो.