भांडुपची पाणथळ भूमी आणि लव्हाळ्यांची नोंद

एखादी वनस्पती दुर्मिळ आहे, हे विधान वनस्पतिशास्त्राचे असले तरी त्याचा आधार ऐतिहासिक असतो. पूर्वी ती कोठे व केव्हा आढळली, याची नोंद असल्यावाचून ती विरळ झाली असे म्हणता येत नाही. पावसाळी पाणथळीतील लव्हाळ्यांच्या बाबतीत ही अडचण किती मोठी आहे, हे भांडुपच्या उदाहरणावरून दिसून येईल.

पश्चिमेस साष्टीचे डोंगर आणि पूर्वेस ठाण्याची खाडी यांमधील हा चिंचोळा पट्टा होय. उतारावरील झरे, पायथ्याची भातखाचरे व खाडीकाठची मिठागरे अशी त्रिविध ओली भूमी येथे होती. मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क यांना ठाण्यापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली, असे सांगतात. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी या पट्ट्यातून धावली. डोंगरापलीकडील विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला. पुढे कारखाने व वस्ती वाढून खाचरांवर भराव पडला.

या घटनांच्या तारखा उपलब्ध आहेत, लव्हाळ्यांच्या नाहीत. जॉन ग्रॅहम यांची मुंबई परिसरातील वनस्पतींची यादी १८३९ साली, डाल्झेल व गिब्सन यांचा ग्रंथ १८६१ साली, तर कुक यांचा मुंबई इलाख्याविषयीचा ग्रंथ १९०१ पासून प्रसिद्ध झाला. या ग्रंथांची दृष्टी इलाख्याची होती. ‘कोकण’ एवढ्या स्थाननिर्देशावरून एका गावचे खाचर ओळखता येत नाही.

वनस्पतीचा स्वभावही संशोधकास प्रतिकूल आहे. लव्हाळ्याचा दांडा बहुधा तिधारी व भरीव, गवताचा गोल व पोकळ. एवढा भेद सहज दिसतो. परंतु जातिनिश्चय पिकलेल्या सूक्ष्म फळावरून करावा लागतो, आणि ते बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस मिळते. हिवाळ्यानंतर वर्षायू जाती केवळ बीजरूपाने उरतात. वुड्रो यांचे नाव धारण करणाऱ्या फिंब्रिस्टायलिस वुड्रोवीसारख्या मर्यादित क्षेत्रातील जातींचे ज्ञान म्हणूनच शुष्कसंग्रहातील नमुन्यांवर अवलंबून राहते.

ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले व २०२२ साली त्याचा रामसर यादीत समावेश झाला. तथापि हे संरक्षण खाडीचे पाणी व तिवरांचे वन यांना आहे. गोड्या पाण्याची पावसाळी खाचरे त्याबाहेर राहतात. तुकोबांच्या अभंगातील लव्हाळे महापुरात वाचते, हे खरे. पण भरावाखाली वाकून राहण्यास त्याला जागाच उरत नाही. उरलेल्या भूमीतील प्रत्येक नमुन्यावर गाव, दिनांक आणि पाण्याचा प्रकार नोंदविणे, हे वनस्पतिशास्त्राइतकेच इतिहासाचेही कार्य आहे.