बाळू पालवणकर: तळ्याचं पाणी, मातीचा कप आणि १९३७ ची निवडणूक

महाडमधून पुन्हा एकदा तुमच्या कानात आलोय. एसटीत असाल किंवा पोलादपूरच्या स्टँडवर महाबळेश्वरच्या गाडीची वाट बघत असाल, तर इयरफोन नीट लावा. आजचा भाग क्रिकेटचा आहे आणि राजकारणाचाही.

मागे एका श्रोत्याने विचारलं होतं, की खेळाडू राजकारणात गेला तर त्याचं काय होतं? त्याच्या डोक्यात युक्रेनची ओलेना पिद्रुश्ना होती. बायथलॉन म्हणजे बर्फावरून स्की करत जायचं आणि मध्येच थांबून रायफलने नेम धरायचा. श्वास लागलेला असताना हात स्थिर ठेवायचा! २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये तिच्या रिले संघाने सुवर्ण जिंकलं आणि पुढे ती क्रीडा खात्याची उपमंत्री झाली. छान गोष्ट आहे. पण मला आपल्याकडचा एक माणूस आठवला. त्याची गोष्ट इतकी सरळ नाही.

बाळू पालवणकर. जन्म १८७० च्या दशकातला, धारवाडचा. चांभार समाजातलं कुटुंब. वडील पुण्यात लष्कराकडे नोकरीला. बाळूंनी आधी पारशी क्लबच्या मैदानावर महिना ३ रुपयांवर काम केलं, मग इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपयांवर. पिच झाडायचं, रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी बॉलिंग टाकायची. ग्रेग नावाचा नावाजलेला बॅट्समन त्यांना तासन् तास बॉलिंग करायला लावायचा. बॅटिंग मात्र साहेब लोकांची. त्यातून तयार झाला तो त्या काळचा देशातला सर्वांत चांगला डावखुरा स्पिनर.

पुण्याच्या हिंदू क्लबला इंग्रजांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानात बॉल सगळे एकच हाताळत होते. चहाची वेळ झाली की मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर. त्यांना चहा मातीच्या कपात, म्हणजे पिऊन झाला की फेकून द्यायचा. बाकीच्यांना आत, चिनी मातीच्या कपात. म्हणजे विकेट चालते, कप चालत नाही. आपण महाडकर हे ऐकून दचकायचं कारण नाही. आपल्या चवदार तळ्यावर गुरं पाणी प्यायची तेव्हा कुणाला काही वाटत नव्हतं.

पुढे बाळू मुंबईला आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या ८ विकेट होत्या. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून जास्त विकेट घेतल्या. हिंदू संघाचं कप्तानपद मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये यावरून त्यांच्या भावांनी, शिवराम आणि विठ्ठल यांनी, खेळायलाच नकार दिला. शेवटी बाळूंना उपकप्तान केलं गेलं. आणि १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाला! या विठ्ठलने नंतर मराठीत आत्मचरित्रही लिहिलं. मिळालं तर वाचाच.

या सगळ्या काळात मुंबईत एक तरुण बाळूंचा मोठा चाहता होता. त्यांच्यापेक्षा साधारण पंधरा वर्षांनी लहान. भीमराव आंबेडकर.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब मोर्चा घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर काठ्या चालल्या. नंतर तळ्यावरून कोर्टात दावा पडला, तो दहा वर्षं चालला.

इथून दोघांच्या वाटा वेगळ्या होत गेल्या. १९३२ मध्ये गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले. बाळू तडजोडीच्या बाजूने होते. पुणे करारावर आंबेडकरांचीही सही आहे आणि पी. बाळूंचीही. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात जाहीर केलं, की हिंदू म्हणून मरणार नाही. बाळूंना हे पटलं नाही. त्यांनी त्याआधी मुंबई महापालिकेची निवडणूक लढवून हारही खाल्ली होती.

आणि मग १९३७. मुंबईतली राखीव जागा. एका बाजूला स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर, समोर काँग्रेसने उभे केलेले बाळू. एकेकाळचा चाहता आणि त्याचा हिरो, दोघं समोरासमोर. मतं पडली १३,२४५ आणि ११,२२५. बाबासाहेब जिंकले.

मला विचाराल तर काँग्रेसने इथे बाळूंना पुढे केलं ते त्यांचं नाव मोठं होतं म्हणून. पण बाळूंना नुसतं प्यादं म्हणणंही मला जमत नाही. ज्या माणसाने बाहेर बसून चहा प्यायला आणि तरी त्याच संघाला सामने जिंकून दिले, त्याला आतूनच बदल होईल असं वाटलं, तर ते त्याच्या आयुष्यातूनच आलेलं होतं. त्याचा भाऊ कप्तान झालेला त्याने पाहिला होता. बाबासाहेबांनी पाहिलं होतं महाड. ठराव असूनही पडलेल्या काठ्या. दोघांचाही अनुभव खराच होता. माझं मत कुणाला गेलं असतं? आंबेडकरांना. पण बाळूंचं नाव मतपत्रिकेवर बघून क्षणभर हात थांबला असता, हे खोटं कशाला सांगू?

निवडणूक फेब्रुवारीत झाली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याचा निकाल दिला: अस्पृश्यांना पाणी नाकारण्याची प्रथा अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध होत नाही. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, म्हणजे तेच, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावली होती. जग छोटं असतं, बघा.

बाळू पुन्हा निवडणुकीच्या बातम्यांत फारसे दिसले नाहीत. जुलै १९५५ मध्ये मुंबईत ते गेले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली.

चला, पुढच्या भागात भेटू. कापणी झालेल्या शेतात मॅच लावली असेल तर मधला चहा कोण आणतं, तेवढं बघून ठेवा आणि मला कळवा.