वंशावळींत न सांपडणारीं मुलें

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं वंशावळ असेल. कोणाकडे ती जुन्या कागदावर हातानें लिहिलेली असेल, कोणाकडे कुलवृत्तान्ताच्या ग्रंथांत छापलेली असेल. ती एकवार उघडून पाहावी. ज्यांचा वंश पुढें चालला त्यांचीं नांवें तींत ठळक दिसतात. जे निःसंतान गेले त्यांच्या नांवापुढें तसा शेरा असतो. परंतु जीं मुलें बालपणींच गेलीं त्यांचा बहुधा मागमूसही नसतो. आणि त्यांतून ती मुलगी असेल, तर नांव सांपडण्याची आशाच नको.

अशीं मुलें थोडीं नव्हतीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकीं सुमारें दोनशें पहिल्या वर्षाच्या आंतच दगावत. २०२० सालीं भारतांत हें प्रमाण हजारीं २८ वर आलें. यावरून आपल्या पणजोबांच्या काळीं मूल न गमावलेलें घर किती विरळा असेल, याची कल्पना येईल. मग हीं सारीं मुलें कुटुंबाच्या स्मृतींतून गेलीं कोठें?

याचें एक कारण आपल्या धर्मशास्त्रांत आहे. दोन वर्षांच्या आंतील मूल वारल्यास तें पुरावें, त्यास उदकदान करूं नये, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे. श्राद्धांत पिता, पितामह आणि प्रपितामह यांचीं नांवें उच्चारलीं जातात. म्हणून तीं घरोघर मुखोद्गत राहिलीं. लहानग्याचें वर्षश्राद्ध नाहीं, तिथि नाहीं. तेव्हां त्याचें नांव घेण्याचा प्रसंगच वर्षांतून येत नसे. आईवडील जिवंत असेपर्यंत तें त्यांच्या मनांत राहिलें, आणि त्यांच्याबरोबर गेलें.

तरीही त्याची खूण कधीं कधीं भावाच्या नांवांत उरते. एकामागून एक मुलें जाऊं लागलीं, म्हणजे पुढच्या मुलाचें नांव दगडू, धोंडू, केरू, भिकू असें ठेवीत. कोणी मुलाचें नाक टोंचून त्यास नथू म्हणत. अशा टाकाऊ नांवाच्या मुलाकडे मृत्यूची दृष्टि वळणार नाहीं, अशी ती भाबडी समजूत. आपल्या वंशावळींत असें एखादें नांव आढळलें, तर त्याच्या आधीं कोणी गेलें होतें काय, हा प्रश्न अवश्य विचारावा.

उत्तर शोधण्याचीं साधनें घराबाहेर आहेत. पहिलें साधन म्हणजे गांवचें जन्ममृत्यूचें रजिस्टर, अर्थात् गांव नमुना नंबर १४; लोक त्यास कोतवाल बुक म्हणतात. मृत्यूच्या नोंदींत तारीख, जात, वय आणि रोग लिहिलेला असे. रोगाचे प्रकार ठराविकच: पटकी, देवी, ताप, हगवण, आणि १८९६ नंतर प्लेग. जुनीं रजिस्टरें बहुशः मोडींत असल्यामुळें मोडीवाचकाचें साह्य घ्यावें लागतें. दुसरें साधन शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर. मी आयुष्यभर शाळेंत काढल्यामुळें तें मला परिचित आहे. शाळा सोडल्याचें कारण लिहावयाच्या रकान्यांत क्वचित् 'मयत' एवढा एकच शब्द भेटतो. तिसरें साधन म्हणजे नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरू तेथें आपल्या हयात मुलांचींही नांवें लिहवीत. म्हणून पुढें वारलेलें मूल तेथें जिवंतपणीं भेटूं शकतें. वसई व गोवें येथील ख्रिस्ती कुटुंबांस चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या वह्यांचा असाच उपयोग होतो.

हीं साधनें एकमेकांशीं ताडून कां पाहावीं लागतात, याचें आमच्याच घरांतील उदाहरण सांगतों. आमच्या आजोबांचें नांव वर सांगितलेल्या दगडाधोंड्यांच्या जातीचें. त्यांचा जन्म १८९५ चा, असें घरांत सारेच मानीत. कारण तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील आमच्या मूळ गांवच्या रजिस्टरांत त्या वर्षीं पणजोबांच्या नांवें 'मुलगा' अशी नोंद आहे. जुन्या जन्मनोंदींत मुलाचें नांव पुष्कळदां नसतेंच, केवळ बापाचें असतें. परंतु शाळेच्या रजिस्टरांत आजोबांचें जन्मवर्ष १९०१ लिहिलेलें. सहा वर्षांचें हें अंतर मला स्वस्थ बसूं देईना. म्हणून मृत्यूचें रजिस्टर वर्षानुवर्ष पाहत गेलों. १९०० सालच्या पानावर पणजोबांच्या नांवाखालीं दोन शब्द आणि एक आंकडा मिळाला: मुलगा, वय ५, पटकी. तें वर्ष मोठ्या दुष्काळाचें. उपासमारीच्या पाठोपाठ पटकीनें मुलूख झोडपला होता. पुढें १९०१ मध्यें पुन्हां जन्माची नोंद, पुन्हां मुलगा. तेच आमचे आजोबा. १८९५ चा जन्म त्यांच्या थोरल्या भावाचा होता. त्याचें नांव शेवटीं नाशिकच्या उपाध्यायांच्या वहींत मिळालें. पणजोबा १८९८ सालीं तेथें गेले असतां त्यांनीं तें लिहविलें होतें. थोरल्या मुलास आजोबांचें नांव द्यावें, या रिवाजाप्रमाणें तें पणजोबांच्या वडिलांचेंच होतें.

यांतून एक नियम निघतो. बिननांवाच्या जन्मनोंदीवर आपल्या पूर्वजाचा हक्क सांगण्यापूर्वीं पुढील दहा-बारा वर्षांचें मृत्यूचें रजिस्टर तपासावें. तसें न केल्यास एका भावाचें आयुष्य दुसऱ्याच्या नांवावर चढतें.

हा खटाटोप केवळ हौसेचा आहे, असेंही कोणी समजूं नये. जातीच्या दाखल्याच्या पडताळणींत इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. २०२३ सालीं राज्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां हींच जुनीं दफ्तरें मोडीवाचकांपुढें उघडलीं गेलीं. बापाचें नांव व जात असलेली मृत बालकाची नोंद ही देखील अशा वेळीं पुराव्याच्या कामीं येऊं शकते. ज्याच्या नांवें घरांत कोणी पाणी सोडलें नाहीं, तेंच मूल शंभर वर्षांनीं भावाच्या पणतवंडांची साक्ष देण्यास उभें राहतें.

मात्र दफ्तरांकडे वळण्याआधीं घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारावें. 'भावंडें किती' असें विचारल्यास जगलेल्यांचीच संख्या सांगतात. 'बाळंतपणें किती झालीं' असें विचारावें, म्हणजे निराळा आंकडा मिळतो. आणि बहुधा त्यासोबत नांव, ऋतु व आजारही मिळतो. तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. नंतर वंशावळींत त्या मुलाची किंवा मुलीची रेघ ओढावी, 'बालपणीं वारला' अथवा 'वारली' असें लिहून साल घालावें, आणि ही माहिती कोणत्या रजिस्टरांतून किंवा कोणाच्या तोंडून मिळाली तेंही शेजारीं नमूद करावें. त्या रेघेखालीं पुढें कांहीं येणार नाहीं. तरीही कुटुंबांत जन्मलीं किती याचा हिशेब तिच्यावांचून पुरा होत नाहीं.