दख्खनचा लांडगा आणि दारचा कुत्रा

श्रोतेहो, आपल्या कोल्हापूरकडच्या एखाद्या धनगराला विचारा, लांडगा आणि कुत्रा यांचं नातं काय? तो म्हणेल, "एक मेंढरं राखतो, दुसरा उचलून नेतो." शास्त्रज्ञांना मात्र हे नाते उलगडायला फार काळ लागला.

१७५८ साली लिनियसने लांडगा आणि कुत्रा या दोन जाती मानल्या. १८३१ साली साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या लांडग्याला 'कॅनिस पॅलिपीस', म्हणजे फिकट पायांचा, असे नाव दिले. १८४७ मध्ये हॉजसनने तिबेटचा दाट लोकरीचा लांडगा वेगळा नोंदवला. पुढे या साऱ्यांना एकाच जातीच्या उपजाती ठरवण्यात आले. निवाडा झाला तो कातडी आणि कवटी पाहून.

२००४ साली जनुकांची साक्ष काढली गेली. आपला लांडगा फार प्राचीन शाखेचा निघाला आणि कुत्र्यांची मातृवंशावळ त्या शाखेत बसेना. म्हणजे दारचा कुत्रा आपल्या लांडग्याचा लेक नव्हे, दूरचा चुलतभाऊ!

पण चुलतभाऊ असले तरी त्यांची पिल्ले होतात. पुणे भागातला असा संकर २०२३ साली जनुकतपासणीने सिद्ध झाला. माळ नांगरले जातात, मोकाट कुत्री वाढतात, आणि दोघे जवळ येतात.

गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा : गेलेल्या मेंढराची भरपाई सरकारकडे मागता येते, मिसळून गेलेल्या वंशाची कोणाकडे मागणार? तेव्हा गावची कुत्री आवरणे, हेही लांडगा राखणेच आहे.